मुक्या माराची परीक्षा : मृदू ऊतकांच्या इजांचे निदान व वर्गीकरण

पडझडीत, खेळात अथवा मारहाणीत झालेल्या ज्या इजेतून रक्त वाहत नाही आणि जीत हाडही मोडत नाही, तिला मराठीत मुका मार असे म्हणतात. हा शब्द मोठा अन्वर्थक आहे. उघड्या जखमेची लांबी-रुंदी डोळ्यांना दिसते. मोडलेले हाड क्ष-किरणांच्या चित्रात उमटते. मुका मार मात्र आपण होऊन फारसे काही सांगत नाही, त्याच्याकडून ते वदवून घ्यावे लागते. व्यवहारात बहुधा उलट घडते. क्ष-किरण चित्र पाहून 'हाड शाबूत आहे' असा निर्वाळा मिळाला की रुग्णाचा व त्याच्या घरच्या माणसांचा जीव भांड्यात पडतो, आणि तपासणीही तेथेच संपते. वस्तुतः हाड शाबूत असणे हे निदान नव्हे. अनेक शक्यतांपैकी एक वगळली गेली, एवढाच त्याचा अर्थ. उरलेल्या शक्यतांमध्ये चार दिवसांत बरी होणारी साधी लचक असते, वर्षभर खेळाडूस घरी बसविणारी कंडरेची इजा असते, आणि सहा तासांत हातपाय निकामी करणारी आपत्तीही असते.

या उरलेल्या शक्यतांतून योग्य ती निवडावयाची कशी आणि तिला कोणत्या प्रतीची म्हणावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उपचारांचा विचार येथे ओघाने येईल तेवढाच. प्रतिपादनाचा मुख्य मुद्दा आरंभीच सांगून टाकणे बरे : इजेची प्रत केवळ वेदनेवरून, सुजेवरून अथवा एखाद्या चित्रावरून ठरत नाही, दुखावलेली रचना आपले काम अद्याप करू शकते की नाही, यावरून ती ठरते, आणि या प्रश्नाचे विश्वसनीय उत्तर मिळण्यास योग्य अशी एक वेळ असते.

मृदू ऊतके या संज्ञेत त्वचा, तिच्याखालील मेद, स्नायूंना वेढणारी प्रावरणी, स्नायू, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधणारे अस्थिबंध, सांध्यांचे आवरण, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू या सर्वांचा समावेश होतो. बोलीभाषेत यांतील पुष्कळ गोष्टींना आपण 'शीर' या एकाच नावाने संबोधतो. शीर आखडते, शीर दबते, शिरेवर शीर चढते. आणि प्रत्येक वेळी ती शीर निराळी असते. तीच गोष्ट लचक, मुरगळ, उसण, चमक या शब्दांची. बोलण्यात ही सैल योजना खपून जाते, परंतु निदानाच्या प्रांतात पहिला भेद येथेच करावा लागतो. सांधा त्याच्या मर्यादेबाहेर वळल्यामुळे अस्थिबंध ताणला किंवा फाटला तर ती एका वर्गातील इजा. स्नायू अथवा त्याची कंडरा ओढली जाऊन फाटली तर ती दुसऱ्या वर्गातील. आणि बाहेरून आघात होऊन स्नायू हाडावर चेंगरला तर ती तिसऱ्या वर्गातील. सोयीसाठी पहिलीला मुरगळ, दुसरीला ताण व तिसरीला ठेचाळ म्हणू. मुरगळीत सांध्याची स्थिरता धोक्यात येते, ताणात स्नायूचे बळ जाते, ठेचाळीत प्रामुख्याने आतल्या रक्तस्रावाची व दाबाची चिंता असते. म्हणूनच तिन्हींची परीक्षा वेगवेगळी आहे.

इजा कशी घडली हे रुग्णास बारकाईने विचारले तर या तिघींतील निवड बहुधा बोलण्यातच होऊन जाते. धावता धावता, कोणाचाही धक्का न लागता मांडीच्या मागे एकाएकी कळ आली असेल तर तो ताण. प्रतिस्पर्ध्याचा गुडघा मांडीवर बसला असेल तर ती ठेचाळ. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडला जातो आणि शरीर मात्र मध्यरेषेकडे झेपावत असते; अशा वेळी सांध्याला कोणत्या दिशेने पीळ पडला, हे खेळाडूकडून उभे राहून करवून घेतले तर अर्धे निदान हाती येते.

वर्गीकरणाची आवड आपल्याकडील वैद्यकास नवीन नाही. सुश्रुतसंहितेत आगंतुक व्रणांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत आणि निखळलेल्या सांध्यांचेही सहा प्रकार स्वतंत्रपणे दिले आहेत. त्यांतील पिच्चित, म्हणजे प्रहाराने वा दाबाने चेंगरून पसरट झालेला भाग, हा आपल्या ठेचाळीचा निकटचा नातेवाईक म्हणावयास हरकत नाही. हे वर्गीकरण मुख्यतः इजेच्या रूपावर आधारलेले आहे. आधुनिक वर्गीकरणाने रूपाऐवजी प्रमाणाकडे, म्हणजे किती तंतू तुटले याकडे, लक्ष वळविले.

हे प्रमाण समजण्यासाठी अस्थिबंधाची घडण ध्यानात घ्यावी लागते. त्यातील कोलॅजेनचे तंतू विश्रांत अवस्थेत किंचित नागमोडी असतात. थोडा ताण पडला की प्रथम ही वळणे सरळ होतात व त्यासाठी फारसे बळ लागत नाही. त्यापुढे तंतू ताठ होऊन दोराप्रमाणे प्रतिकार करतात. आणि मूळ लांबीच्या सुमारे चार टक्क्यांच्या पुढे ताण गेला की त्यांतील सूक्ष्म तंतू तुटू लागतात. आठ-दहा टक्क्यांच्या आसपास संपूर्ण बंध तुटण्याची वेळ येते. कंडरेचीही गोष्ट साधारण अशीच. अर्थात् वय, पूर्वीची इजा व ताणाचा वेग यांप्रमाणे हे आकडे बदलतात. परंतु शाबूत बंध व तुटलेला बंध यांच्यामध्ये काही तंतू तुटलेले आणि काही टिकलेले अशी एक विस्तृत अवस्था असते, हे त्यांवरून स्पष्ट व्हावे.

अमेरिकन शल्यचिकित्सक ओडोनोह्यू यांनी १९६२ साली खेळाडूंच्या इजांवरील आपल्या ग्रंथात जी तीन प्रतींची मांडणी केली, आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याच दशकात खेळांतील इजांच्या प्रमाण संज्ञा ठरविताना जिचा अवलंब केला, ती या अवस्थेचेच तीन टप्पे पाडते. पहिल्या प्रतीत काही सूक्ष्म तंतू तुटतात. दुखते, परंतु सांध्याची स्थिरता व स्नायूचे बळ अबाधित असते. दुसरीत बंध अंशतः फाटतो. शैथिल्य जाणवते, पण सांधा ताणून पाहता शेवटी कोठे तरी अडतो. तिसरीत बंध पूर्ण तुटतो व तो अडसर नाहीसा होतो. मांडणी सोपी असल्यामुळे ती जगभर रूढ झाली आणि आजही बाह्यरुग्ण विभागात तिचाच व्यवहार चालतो. तिच्यातला दोष मांडणीपेक्षा वापरात अधिक आहे. दुसरी प्रत अतिशय ऐसपैस आहे. दहा टक्के फाटलेला बंध आणि नव्वद टक्के फाटलेला बंध दोन्ही तीतच बसतात. शिवाय घाईच्या वेळी ही प्रत सुजेच्या आकारावरून व रुग्णाच्या कण्हण्यावरून ठरविली जाते, आणि येथेच मोठी फसगत होते.

ही फसगत घोट्याच्या उदाहरणाने नीट समजेल. पाऊल आत वळून घोटा मुरगळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचे तीन बंध ताणले जातात. घोट्याच्या बाहेरील उंचवट्यापासून एक बंध पुढे जातो, एक खाली टाचेच्या हाडाकडे व एक मागे. यांतील पुढचा बंध सर्वांत दुबळा असून पाऊल खाली झुकलेले असताना तोच अधिक ताणात असतो. म्हणून बहुधा प्रथम तो तुटतो, आघात जबर असेल तर त्यानंतर टाचेकडचा, आणि मागचा क्वचितच. आता गंमत अशी की, अंशतः फाटलेला बंध ताणला असता जबरदस्त कळ येते, कारण उरलेले तंतू ओढले जातात. पूर्ण तुटलेल्या बंधात ओढले जाण्यास काही शिल्लकच नसते, त्यामुळे तोच सांधा हलवून पाहिला तर कित्येकदा वेदना कमी होते. रुग्ण म्हणतो, 'आता बरे आहे.' वेदनेच्या मापाने प्रत ठरविणारा परीक्षक अशा वेळी तिसऱ्या प्रतीला पहिली म्हणून मोकळा होतो.

घोट्याच्या परीक्षेचे दोन प्रश्न आहेत. ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिला प्रश्न हाडाचा. कॅनडातील ऑटावा येथे इयान स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली यासाठी काही नियम प्रसिद्ध केले. दोन्ही घोट्यांच्या उंचवट्यांची मागील कड, खालच्या सहा सेंटिमीटरांत, अथवा उंचवट्याचे टोक दाबल्यावर हाडावर दुखते का. पावलाच्या बाहेरच्या कडेस करंगळीच्या रेषेतील लांब हाडाच्या मुळाशी, किंवा आतल्या बाजूस नौकाकृती हाडावर दुखते का. आणि इजा झाल्याबरोबर व पुन्हा तपासणीच्या वेळी रुग्णास चार पावले टाकता येत होती का. दोन्ही वेळा चार पावले टाकता आली व सांगितलेल्या जागी दुखत नसेल, तर क्ष-किरण चित्राची गरज नाही. लंगडत टाकलेली पावलेही येथे पावलेच धरावयाची. २००३ साली सत्तावीस अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. या नियमांच्या हातून हाड मोडल्याचे निदान निसटणे अगदी विरळा असून त्यांच्या वापराने क्ष-किरण चित्रांची संख्या शेकडा तीस ते चाळीस इतकी कमी होऊ शकते, असे त्यात आढळले. ज्याच्या पावलांची संवेदना मधुमेहाने बोथट झाली आहे, अथवा जो मद्याच्या अंमलाखाली आहे, त्याला हे नियम लावू नयेत. दुखत नाही या त्याच्या उत्तराला किंमत नसते. चित्र आधी काढून मग पायाला हात लावण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे रुग्णाचा पैसा जातो आणि परीक्षकाच्या बोटांचा सरावही जातो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुसरा प्रश्न बंधाचा, आणि त्याची वेळ वेगळी आहे. इजेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत घोटा सुजून गोल झालेला असतो, कोठेही बोट लावले तरी दुखते, आणि वेदनेमुळे भोवतालचे स्नायू सांधा घट्ट धरून ठेवतात. अशा सांध्याचे शैथिल्य अजमावू पाहणे म्हणजे कुलूप लावलेले दार हलवून बिजागऱ्यांची परीक्षा करण्यासारखे आहे. नेदरलँड्समध्ये व्हान डाइक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली याची पद्धतशीर पाहणी प्रसिद्ध केली. दोन दिवसांच्या आत केलेली परीक्षा व सुमारे पाचव्या दिवशी केलेली परीक्षा यांची त्यांनी तुलना केली. पाचव्या दिवसाच्या परीक्षेत बंध तुटलेल्या शंभरांपैकी शहाण्णव रुग्ण बरोबर ओळखता आले, आणि न तुटलेल्या शंभरांपैकी चौऱ्याऐंशी. पहिल्या दिवसांतील परीक्षेला ही अचूकता नव्हती. पाहावयाच्या गोष्टी तीनच : पुढच्या बंधाच्या जागी दाबल्यावर दुखणे, त्वचेखाली पसरलेला काळानिळा डाग, आणि टाच पुढे ओढली असता पाऊल नडगीच्या पुढे सरकणे. या शेवटच्या परीक्षेसाठी एका हाताने नडगीचा खालचा भाग स्थिर धरून दुसऱ्या हाताने टाच हळूच पुढे ओढतात, आणि निरोगी घोट्याशी तुलना करतात. तुलना केल्यावाचून काढलेला निष्कर्ष व्यर्थ समजावा, कारण काही माणसांचे सांधे जन्मतःच सैल असतात.

याच पाच दिवसांत आपल्याकडे घोट्याला तेल लावून जोराने चोळण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. घोट्यापुरते त्याचे नुकसान वेदनेवर भागते. मांडीच्या ठेचाळीत मात्र ते अधिक खोल जाते. मांडीच्या पुढच्या स्नायूत रक्त साकळले असता तो भाग आरंभीच्या दिवसांत चोळल्यास रक्तस्राव वाढतो आणि पुढे त्या गाठीत हाडासारखी कठीण ऊती तयार होण्याचा संभव वाढतो. या ठेचाळीची प्रत ठरविण्याची जी रीत जॅक्सन व फेगिन यांनी अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील छात्रांच्या अभ्यासावरून १९७३ साली सुचविली, ती प्रस्तुत लेखकाच्या मते या सर्व क्षेत्रातील सर्वांत शहाणी रीत आहे. तीत गाठीचा आकार मोजत नाहीत. गुडघा किती वाकतो, एवढेच पाहतात. काटकोनापलीकडे वाकला तर इजा सौम्य. काटकोनापर्यंत पोचत नाही, पण पंचेचाळीस अंशांहून अधिक वाकतो, तर मध्यम. पंचेचाळीस अंशांपर्यंतही वाकत नसेल तर तीव्र. येथेही पहिल्या तासातील माप भरवशाचे नसते, कारण रक्तस्राव चालूच असतो. साधारण एका दिवसाने घेतलेले माप अधिक खरे ठरते. त्याला यंत्र लागत नाही, खेड्यातील शाळेच्या मैदानावरही ते घेता येते, आणि शिक्षकालाही ते शिकविता येते.

स्नायूंच्या ताणाचे वर्गीकरण अलीकडच्या काळात अधिक बारकाईने झाले आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंचा ताण ही धावपटूंची नेहमीची व्यथा. स्वीडनमधील आस्कलिंग यांनी २००६ व २००७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखांत अठरा धावपटू व पंधरा नर्तक यांची तुलना केली आहे. धावपटूंना ही इजा वेगाने धावताना झाली होती, नर्तकांना पाय संथपणे ताणताना. आरंभी धावपटूंची स्थिती अधिक वाईट दिसत होती. त्यांचे बळ व लवचिकपणा दोन्ही नर्तकांपेक्षा जास्त घटले होते. नर्तकांची तक्रार किरकोळ वाटावी अशी होती. पुढे घडले ते असे : पूर्ववत् कामगिरीला येण्यास धावपटूंना मध्यमानाने सोळा आठवडे लागले, नर्तकांना पन्नास. कारण जागेत होते. धावपटूंची इजा मुख्यतः बाहेरच्या बाजूच्या द्विशिरस्क स्नायूत होती. नर्तकांची, बसताना ज्या हाडावर भार येतो त्या हाडाजवळच्या कंडरेत. स्नायूला रक्ताचा पुरवठा भरपूर असल्याने तो लवकर सांधतो, कंडरेचे काम मंद चालते. म्हणून दुखरी जागा त्या हाडापासून किती बोटांवर आहे हे मोजून लिहून ठेवणे अगत्याचे; ती जितकी हाडाजवळ, तितका विलंब अधिक.

ही जाण नव्या वर्गीकरणांत उतरली आहे. म्यूनिक येथील विचारविनिमयातून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मांडणीने, जेथे तंतू फाटल्याचे दिसत नाही अशा कार्यविषयक बिघाडांना, आणि जेथे ते फाटलेले असतात अशा रचनाविषयक इजांना, निरनिराळे गट दिले. २०१४ साली ब्रिटिश ॲथलेटिक्सच्या वैद्यकांनी शून्य ते चार अशा प्रती ठेवून प्रत्येकीला जागेचे अक्षर जोडले. इजा स्नायूच्या कडेस प्रावरणीजवळ आहे, स्नायू व कंडरा यांच्या सांध्यावर आहे, की थेट कंडरेच्या आत शिरली आहे, हे त्या अक्षरावरून कळते. एकाच आकड्यापाशी कंडरेचे अक्षर आले की खेळाडूचे पुनरागमन लांबते व इजा उलटण्याचा धोका वाढतो, असा अनुभव त्यांनी पुढे नमूद केला. जुन्या तीन प्रतींना 'किती' हे ठाऊक होते. नव्या मांडणीने 'कोठे' हे त्यांना जोडून दिले.

या नव्या मांडण्या चुंबकीय अनुस्पंदन चित्रांवर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एम.आर.आय.वर, बऱ्याच अंशी आधारलेल्या आहेत. श्राव्यातीत ध्वनीची चित्रेही आता ठिकठिकाणी उपलब्ध असून कंडरा हलत असताना पाहता येणे हा त्यांचा विशेष गुण आहे. या साधनांचे महत्त्व कमी लेखण्याचा हेतू नाही. तथापि दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. कतार येथे १८० पुरुष खेळाडूंच्या मांडीच्या ताणांचा जो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात बरे होण्याच्या कालावधीतील तफावतीपैकी सुमारे २९ टक्के भागाचा उलगडा केवळ विचारपूस व हाताने केलेली परीक्षा यांवरून झाला. अनुस्पंदन चित्राने त्यात तीन टक्क्यांहूनही कमी भर घातली. दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ माणसांच्या खांद्यांची अशी चित्रे अमेरिकेत काढण्यात आली व त्यांचा वृत्तांत १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३४ टक्के खांद्यांत कंडरा अंशतः वा पूर्णतः फाटलेली आढळली; साठीपुढील व्यक्तींत हे प्रमाण ५४ टक्के होते. ही माणसे आपापली कामे बिनतक्रार करीत होती. तेव्हा साठीच्या गृहस्थाच्या खांद्यात फाटलेली कंडरा दिसली म्हणून कालच्या पडण्यानेच ती फाटली, असे म्हणता येत नाही. चित्रातील दोष आणि रुग्णाचे दुःख यांची गाठ परीक्षकाच्या हातानेच घालावी लागते.

आता ज्या इजा निसटल्या असता मोठी हानी होते, त्यांकडे वळू. टाचेमागील जाड कंडरा तुटली असता रुग्ण बहुधा 'मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले' असे सांगतो. वेदना लवकर ओसरते. शिवाय पाऊल खाली वाकविणारे दुसरे स्नायू शाबूत असल्याने पडल्या पडल्या पाऊल हलते, आणि ते हलते हे पाहून कंडरा शाबूत असल्याचा गैरसमज होतो. सिमंड्स यांनी १९५७ साली व थॉमसन यांनी १९६२ साली सांगितलेली परीक्षा यावर उत्तम उतारा आहे : रुग्णास पालथे झोपवून पावले कडेबाहेर लोंबू द्यावीत आणि पोटरी मुठीत दाबावी, कंडरा सलग असेल तर पाऊल खाली झुकते, तुटली असेल तर जागचे हलत नाही. गुडघ्याच्या बाबतीत घड्याळ हीच परीक्षा. पीळ पडल्यावर गुडघा काही तासांत टम्म फुगला तर आत बहुधा रक्त साठले आहे. दुसऱ्या दिवशी हळूहळू सुजला तर साधारणतः ते सांध्यातील पाणी असते. अशा रक्ताने भरलेल्या गुडघ्यांत, नॉइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दुर्बिणीतून पाहिले तेव्हा, दहांपैकी सुमारे सातांत पुढचा छेदक बंध दुखावलेला आढळला. 'गुडघा कधी सुजला?' हा प्रश्न विचारण्यास कसलाही खर्च नाही.

सर्वांत भयावह ते प्रावरणीच्या कप्प्यात वाढणारे दडपण. नडगी व पुढचा हात यांतील स्नायू न ताणणाऱ्या कप्प्यांत बसविलेले असतात. चेंगरण्याने आत रक्त वा सूज वाढली की कप्प्यातील दाब वाढतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात, आणि सुमारे सहा तासांत स्नायू मरू लागतो. जर्मन शल्यविद् फॉल्कमान यांनी १८८१ साली वर्णन केलेला आखडलेला पंजा हा याच प्रक्रियेचा शेवट होय. येथे नाडी लागते म्हणून निर्धास्त होणे घातक ठरते. मोठ्या धमनीतील दाब जास्त असल्याने नाडी शेवटपर्यंत लागू शकते. इजेच्या मानाने अवास्तव वाटणारी वेदना, आणि बोटे दुसऱ्याने हळूच ताणली असता उसळणारी कळ, या दोन खुणा प्रथम येतात. संशय येताच बांधलेले प्लॅस्टर व पट्ट्या पूर्ण सोडवून रुग्णास शल्यचिकित्सकाकडे न्यावे लागते. घट्ट बांधलेल्या पट्टीखाली ओरडणाऱ्या मुलास 'थोडे सोस' असे सांगितले जाते, तेव्हा हा धोका कोणाच्या ध्यानी येत नाही. मोठा अवयव ढिगाऱ्याखाली कित्येक तास दबून राहिला असेल तर चेंगरलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडेही बंद पडू शकतात. लंडनवरील बाँबवर्षावातील अशा रुग्णांचे वर्णन बायवॉटर्स व बील यांनी १९४१ साली केले. माणूस ढिगाऱ्याबाहेर बोलत-हसत येतो, आणि मग ढासळतो.

हाड मोडलेले असतानाही मांसाची प्रत स्वतंत्रपणे लिहावी, हा विचार याच जाणिवेतून आला. चेर्ने व ओस्टर्न यांनी १९८२ साली, त्वचा न फाटता झालेल्या अस्थिभंगांतील मृदू ऊतकांच्या इजेस शून्य ते तीन अशा प्रती दिल्या. उघड्या अस्थिभंगांसाठी गस्टिलो व अँडरसन यांची १९७६ सालची मांडणी प्रसिद्ध आहे.

वर्गीकरणाचा हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. तो न्यायालयातही जातो. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेच्या ३२० व्या कलमाने जबर दुखापतीचे आठ प्रकार सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमातही ते बहुतांशी तसेच आहेत. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हा त्यांतील एक स्वतंत्र प्रकार आहे. म्हणजे दाताचा भंग हा आपोआपच जबर दुखापत ठरतो. अस्थिबंध वा कंडरा तुटणे हे मात्र त्या यादीत नावानिशी नाही. सांध्याची शक्ती कायमची कमी झाली, अथवा रुग्ण ठरावीक दिवस तीव्र वेदनेत होता वा आपले नित्य व्यवहार करू शकत नव्हता, असे सिद्ध झाले तरच ती इजा त्या वर्गात येते. हा अवधी पूर्वी वीस दिवसांचा होता, नव्या संहितेत तो पंधरा दिवसांचा आहे. एखाद्या शेतमजुराचा गुडघ्यातील बंध मारहाणीत तुटला आणि पहिल्याच रात्रीच्या कागदावर 'मुका मार, हाड शाबूत, साधी दुखापत' असे लिहिले गेले, तर पुढे तो जन्मभर लंगडला तरी त्या ओळीचा सामना त्याला करावा लागतो. पहिल्या रात्री बंधाची परीक्षा नीट होत नाही हे वर पाहिलेच. तरीही प्रत मात्र त्याच रात्री ठरविली जाते.

यावर उपाय कागदापुरता तरी साधा आहे. तपासणीची तारीख व वेळ, आणि इजेपासून किती तास लोटले ते लिहावे. 'पाय' न लिहिता कोणत्या बंधाच्या, स्नायूच्या वा कंडरेच्या जागी दुखते ते लिहावे. सांधा किती अंश वाकला, रुग्णाने किती पावले टाकली, दुसऱ्या बाजूच्या मानाने किती शैथिल्य आढळले, याची नोंद करावी. सूज व वेदना यांमुळे परीक्षा पुरी होऊ शकली नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे, आणि मत राखून ठेवावे. पाचव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा तपासून त्याच कागदावर, पहिल्या नोंदीखाली, नवी तारीख घालून दुसरी नोंद करावी. पहिली नोंद खोडू नये.